मिस्सेतील भाकरीचा वाद

आईला जाऊन वर्ष झाले त्या दिवशी तिच्या नावाने अर्पण केलेल्या मिस्सेला, म्हणजे कॅथलिक उपासनेला, माझा एक जुना मित्र आला होता. नागपूरच्या खंडपीठात पस्तीस वर्षे वकिली करून आता निवृत्त झालेला हा गृहस्थ देव मानीत नाही, आणि देव मानणाऱ्यांच्या बुद्धीविषयीही त्याचे मत फारसे अनुकूल नाही. परंतु लहानपणी माझ्या आईने त्याला माझ्या बरोबरीने पाटावर बसवून जेवू घातले होते, तेव्हा शेवटच्या बाकावर का होईना, पण येऊन बसणे त्याला भाग होते. मिस्सेच्या उत्तरार्धात लोक रांगेने वेदीकडे जाऊ लागले तसा तोही, चारचौघांबरोबर आपणही उठावे इतक्या सहजपणे, उठून रांगेत उभा राहिला, आणि पाळी येताच देवळात तीर्थ घ्यावे तसा उजवा तळवा डाव्यावर ठेवून त्याने हात पुढे केला. धर्मगुरूंनी पांढरी चकती उंच धरून 'ख्रिस्ताचे शरीर' असे म्हटले. त्यावर घेणाऱ्याने 'आमेन' म्हणावयाचे असते. आमचे वकीलसाहेब म्हणाले, 'धन्यवाद'. धर्मगुरूंच्या लक्षात आले. त्यांनी चकती पुन्हा पात्रात ठेवली, मित्राच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला, आणि त्याला हलकेच वाट करून दिली. मिस्सा संपल्यावर पायऱ्यांवर जोडे चढवता चढवता त्याने मला गाठले आणि म्हणाला, 'काय बे, तुमच्यात प्रसादसुद्धा ओळखपत्र पाहून देतात का?'

त्या एका प्रश्नावरून जो खटला उभा राहिला तो पुढे सहा-आठ महिने, सदरमधील एका टपरीवर तर्री-पोह्यांच्या बशा रिकाम्या करीत, दर रविवारी चालला. प्रस्तुत लेख म्हणजे त्या कामकाजाचे टिपण होय. मी स्वतः कॅथलिक आहे, वसईहून रेल्वेच्या नोकरीपायी नागपुरास आलेल्या कुटुंबातला आहे, आणि म्हणून या खटल्यात मी पंच नसून पक्षकार आहे, ही गोष्ट वाचकांनी आरंभीच दप्तरी नोंदवून ठेवलेली बरी.

गैरसमजाचे मूळ माझ्या मते 'प्रसाद' या शब्दातच आहे. आपण घरी शिरा करतो, देवापुढे ठेवतो, पाणी फिरवतो, देवाने तो दृष्टीने ग्रहण केला असे मानतो, आणि देवाचे उच्छिष्ट म्हणून तोच शिरा वाटून खातो; शिरा शिराच राहतो, पण तो देवाकडून परत आलेला असल्यामुळे पवित्र ठरतो, आणि दारी आलेल्या कोणालाही तो नाकारणे हे पाप समजले जाते. या व्यवहारात माणूस देणारा आहे, देव स्वीकारणारा आहे, आणि मध्ये अन्न आहे. मिस्सेत ही सारी मांडणी उलटी होते. तेथे देणारा ख्रिस्त, दिले जाते तेही ख्रिस्त, आणि खाणारा तेवढा माणूस. यज्ञाच्या परिभाषेत बोलावयाचे तर यजमान, पुरोहित आणि हवि या तिन्ही पदांवर एकाच व्यक्तीची नेमणूक झालेली आहे. असे असता त्याला प्रसाद म्हणणे सोयीचे असले तरी ते दिशाभूल करणारे आहे, आणि माझ्या मित्राची दिशाभूल त्यानेच झाली.

मग तो प्राणप्रतिष्ठेवर आला, आणि हा मुद्दा पहिल्याहून पुष्कळ खोल होता हे मी कबूल करतो. भाद्रपदात आपण शाडूची मूर्ती आणतो. मंत्रांनी तिच्यात देवत्वाचे आवाहन करतो. जितके दिवस ती मखरात आहे तितके दिवस ती माती नव्हे, गणपती आहे. आणि उत्तरपूजेच्या अक्षता वाहून मूर्ती किंचित जागची हलविली की देवत्व गेले, माती उरली, मग ती खुशाल विसर्जित करावी. 'तुमचेही हेच आहे,' मित्र म्हणाला, 'फक्त मातीऐवजी पोळी.' साम्य खरे आहे, परंतु भेद नेमका तेथेच आहे. मूर्तीत देव आला असे आपण म्हणतो तेव्हा मातीही असते आणि देवही असतो. माती हे देवाचे घर होते. कॅथलिकांचे म्हणणे असे नाही की भाकरीत ख्रिस्त येऊन राहिला. ते म्हणतात, भाकर उरलीच नाही. जे उरले आहे ते भाकरीचे रूप, रंग, चव, वजन. जे आहे ते ख्रिस्ताचे शरीर. आणि त्याला विसर्जन नाही: जोवर भाकरीचे रूप टिकून आहे तोवर उपस्थिती टिकून आहे, म्हणूनच मिस्सा आटोपल्यावरही उरलेल्या चकत्या कुलूपबंद पेटीत ठेवतात आणि तिच्याजवळ दिवा अखंड तेवत ठेवतात. (गंमत अशी की भाकरही राहते आणि ख्रिस्तही असतो असे मार्टिन ल्यूथर म्हणत असे, तेव्हा माझ्या मित्राच्या घरचा गणपती पोपपेक्षा ल्यूथरच्या अधिक जवळ बसतो.)

शब्दांचाही थोडा हिशेब केला पाहिजे, कारण या प्रकरणात प्रत्येक शब्द कोणत्या ना कोणत्या पक्षाचा वकील आहे. गोव्याकडून आणि वसईकडून आलेला 'मिस्सा' हा शब्द पोर्तुगीज आमदानीतला. त्या चकतीला गोव्याकडचे लोक 'ओस्ती' म्हणतात, तोही तसलाच. अलीकडे मराठी कॅथलिक 'ख्रिस्तयाग' असे लिहितात, आणि मराठी प्रॉटेस्टंट 'प्रभुभोजन' असे म्हणतात. एकाने याग म्हटले, दुसऱ्याने भोजन म्हटले. चारशे वर्षांचे युरोपीय भांडण या दोन मराठी शब्दांत घडी घालून ठेवल्यासारखे आहे.

आता मूळ हकीकत. येशूने अटक झाली त्याच रात्री शिष्यांबरोबर जेवताना भाकर हाती घेऊन, आभार मानून, मोडून, हे आपले शरीर आहे असे म्हटले आणि द्राक्षरसाच्या प्याल्याविषयी हे आपले रक्त आहे असे म्हटले, व हे आपल्या स्मरणार्थ करीत जा अशी आज्ञा दिली. चार ठिकाणी ही हकीकत आढळते, आणि त्यांपैकी बहुधा सर्वांत जुना दाखला संत पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रातला, म्हणजे सुमारे इ. स. 55 चा आहे. योहानाच्या शुभवर्तमानात भोजनातले ते शब्द नाहीत. त्याऐवजी सहाव्या अध्यायात येशू आपले मांस खाण्याविषयी आणि रक्त पिण्याविषयी असे काही बोलतो की ऐकणारे हादरतात, हे बोलणे कठीण आहे म्हणून कुरकुरतात, आणि पुष्कळ शिष्य त्याला सोडून निघून जातात. कॅथलिकांचा सर्वांत आवडता युक्तिवाद येथे आहे: ती जर नुसती उपमा असती तर जाणाऱ्यांना थांबवून 'अहो, मी अलंकारिक बोललो' असे सांगणे किती सोपे होते! परंतु त्याने कोणालाही परत बोलावले नाही. प्रॉटेस्टंट पक्ष त्याच अध्यायातले पुढचे वचन दाखवितो, जेथे येशू देहापेक्षा आत्म्यालाच जीवनदाता ठरवितो. दोन्ही बाजूंनी एकाच दस्तऐवजातील दोन कलमांवर बोट ठेवावे, हा प्रकार माझ्या मित्राला नवा नव्हता.

दुसऱ्या शतकाच्या मध्यास जस्टिन नावाच्या तत्त्वज्ञ ख्रिस्त्याने रोमन बादशहा अँटोनायनस पायस याच्याकडे जे निवेदन धाडले त्यात मिस्सेचे वर्णन आहे: वाचन, प्रवचन, प्रार्थना, भाकर आणि पाणी मिसळलेला द्राक्षरस, आभारप्रार्थना, लोकांचे 'आमेन', वाटप, आणि जे आले नाहीत त्यांच्या घरी पोचविणे. आज सदरच्या कॅथेड्रलमध्ये रविवारी जे चालते त्याचा क्रम यापेक्षा फार निराळा नाही. जस्टिनने हे लिहिण्याचे कारणही लक्षात घेण्याजोगे आहे. ख्रिस्ती लोक बंद दाराआड माणसाचे मांस खातात अशी बोलवा रोमन साम्राज्यात होती. शत्रूंनी अशी आवई उठवावी यावरून एवढे तरी निश्चित दिसते की ख्रिस्ती लोक आपसांत त्या भाकरीविषयी फार सौम्य भाषा वापरीत नसत.

कसे घडते, हा प्रश्न मात्र पहिली आठ शतके कोणी फारसा विचारला नाही. नवव्या शतकात फ्रान्समधील कोर्बी येथील मठात राडबर्टस आणि रात्राम्नस या दोन भिक्षूंनी तो विचारला आणि एकमेकांच्या उलट उत्तरे दिली. अकराव्या शतकात तूर येथील बेरेंगारने शंका काढल्या व त्याच्याकडून 1059 मध्ये आणि पुन्हा 1079 मध्ये शपथेवर कबुलीजबाब घेण्यात आला. पहिल्या वेळचा मसुदा इतका ठोकळ होता, भाविकांच्या दातांनी शरीर चावले जाते इथपर्यंत, की पुढच्या धर्मपंडितांना तो गुळगुळीत करून घ्यावा लागला. 1215 च्या लॅटरन परिषदेने भाकरीच्या या पालटासाठी जो लॅटिन शब्द वापरला त्याला मी येथे 'द्रव्यांतर' म्हणतो. आणि मग थॉमस अक्वायनस आला, ज्याने ऍरिस्टॉटलची हत्यारे घेऊन त्या शब्दाला शास्त्राचे रूप दिले.

द्रव्यांतर समजून घेण्यास मराठी वाचकाला ऍरिस्टॉटलकडे जाण्याचे मुळीच कारण नाही. कणादाचे घर जवळ आहे. वैशेषिक दर्शनात द्रव्य निराळे आणि त्याच्या आश्रयाने राहणारे गुण निराळे. कुंभाराचे कच्चे मडके भट्टीत घातले की त्याचा सावळा रंग जाऊन तांबडा येतो. हा पाक परमाणूंत होतो की अख्ख्या घटात, यावर वैशेषिक आणि नैयायिक यांनी शतकानुशतके वाद घातला. परंतु माती मातीच राहते आणि गुण बदलतो, याविषयी दोघांत दुमत नाही. आता ही क्रिया उलटी करून पाहावी: गुण जागच्या जागी, द्रव्य पालटले. हेच द्रव्यांतर. दुधाचे दही होते तो परिणाम. त्यात वस्तूही बदलते आणि चवही बदलते. दोरीचा साप दिसतो तो विवर्त. त्यात दिसणे बदलते, वस्तू बदलत नाही. कॅथलिकांचा दावा विवर्ताच्या नेमका उलट आहे: वस्तू बदलली, दिसणे बदलले नाही. आपल्या दर्शनकारांनी बदलाचे जे कोष्टक आखले त्यात हा एक रकाना रिकामा होता, असे मी मित्राला सांगितले. त्यावर तो म्हणाला की तो रिकामा होता कारण त्यात भरण्यासारखे काही नव्हते; 'गुण द्रव्यावाचून राहतो म्हणणे म्हणजे मांजर गेलं आणि म्याँव उरलं म्हणणं आहे. तू मला समजावून राहिला का फसवून राहिला?'

आक्षेप रास्त आहे, आणि अक्वायनसने तो टाळलेलाही नाही. गुण स्वभावतः द्रव्याच्याच आश्रयाने राहतात हे त्याला मान्य आहे. मिस्सेत ते आश्रयावाचून राहतात ते ईश्वराच्या सामर्थ्याने, आणि रंग, चव इत्यादी भाकरीच्या परिमाणाला धरून राहतात, असे तो म्हणतो. म्हणजे शेवटी चमत्काराचा आसरा घेतला गेला. परंतु चमत्कार कोठे मानला आहे हे नीट पाहिले पाहिजे. तो इंद्रियांना दिसेल अशा कोणत्याही ठिकाणी मानलेला नाही. प्रयोगशाळेत ती चकती नेली तर गव्हाचे पीठच सापडेल, याची खात्री अविश्वासी माणसाइतकीच पोपलाही आहे. याचा सज्जड पुरावा एका कोरड्या शासकीय स्वरूपाच्या पत्रात मिळतो. गव्हातील ग्लूटेन ज्यांना सोसत नाही अशा रुग्णांचे काय करावे, हा प्रश्न रोमपुढे आला तेव्हा 2003 मध्ये धर्मसिद्धांत-विभागाने कळविले की ग्लूटेन अजिबात नसलेली चकती चालणार नाही, कारण मग ती गव्हाची भाकर राहत नाही. अल्प ग्लूटेनची चालेल. आणि तीही न सोसणाऱ्याने केवळ द्राक्षरस घ्यावा, त्यात त्याला काही उणे पडत नाही. म्हणजे अभिमंत्रित चकतीतले ग्लूटेन आतडी बिघडवू शकते हे चर्चला पूर्णपणे मान्य आहे. माझा मित्र रासायनिक पृथक्करणाच्या अहवालाची धमकी देत होता. हे पत्र दाखविल्यावर त्याने ती मागे घेतली आणि, खास वकिली पद्धतीने, लगेच दुसरी काढली: मग तुमचा दावा कशानेच खोटा पडू शकत नाही, आणि जो खोटा पडू शकत नाही तो दावाच नव्हे.

येथे क्षणभर थांबून भाषेचा वाद पाहू, कारण सोळाव्या शतकातील महाभांडण भौतिकशास्त्रावरून झाले नाही, एका क्रियापदावरून झाले. 1529 च्या ऑक्टोबरात जर्मनीतील मारबुर्ग येथे ल्यूथर आणि झुरिकचा झ्विंग्ली समोरासमोर बसले. पंधरा कलमांपैकी चौदांवर एकमत झाले. पंधरावे प्रभुभोजनाचे, त्यावर घोडे अडले. 'आहे' याचा अर्थ 'दर्शविते' असा झ्विंग्ली करी. ल्यूथरने खडूने मेजावर येशूचे ते लॅटिन शब्द लिहून ठेवले होते. तो त्यांवरून तसूभर हलेना. आमच्या अलंकारशास्त्राच्या चौकटीत हा वाद किती स्वच्छ बसतो! ल्यूथर अभिधावादी, झ्विंग्ली लक्षणावादी. गंगेवर गवळीवाडा आहे असे म्हटले म्हणजे पाण्यावर घरे असणे अशक्य म्हणून आपण 'काठावर' असा अर्थ घेतो. लक्षणेला मुख्यार्थाचा बाध लागतो. बाध आहे, असे झ्विंग्ली म्हणे: बोलणारा समोर धडधाकट बसला आहे आणि पुढे तो स्वर्गात गेला आहे, तेव्हा त्याचे शरीर भाकर असू शकत नाही. बाध नाही, असे ल्यूथर म्हणे: ईश्वराच्या शब्दाला कशाचा बाध? जिनिव्हाचा कॅल्व्हिन मधल्या वाटेने गेला. भाकर भाकरच, पण पवित्र आत्म्याच्या योगे श्रद्धावंताला ख्रिस्ताचा खराखुरा लाभ होतो, अशी त्याची मखलाशी. इंग्लंडच्या चर्चने आपल्या एकोणचाळीस कलमांत द्रव्यांतराला नकार दिला, पण ख्रिस्ताचे शरीर स्वर्गीय आणि आत्मिक रीतीने खाल्ले जाते असे म्हणून दार किलकिले ठेवले. ल्यूथर, झ्विंग्ली आणि कॅल्व्हिन यांना रोमचे उत्तर ट्रेंटच्या परिषदेत मिळाले: 11 ऑक्टोबर 1551 रोजी तिने द्रव्यांतराचा सिद्धांत कायम केला, आणि विरुद्ध मत मांडणाऱ्यांस बहिष्कृत ठरविले.

नागपूरकराला हे सारे पाहण्यास युरोपला जावे लागत नाही. फ्रान्सिस डी सेल्सच्या नावाच्या संघाचे धर्मगुरू आल्प्सच्या पायथ्याशी असलेल्या आनसीहून 1845 मध्ये हिंदुस्थानात आले. 1887 मध्ये नागपूरचा कॅथलिक धर्मप्रांत निराळा झाला, 1953 मध्ये तो महाधर्मप्रांत झाला. त्यांचे कॅथेड्रल येथे उभे आहे आणि त्यांच्या सेमिनरीवरून एका अख्ख्या टेकडीला नाव पडले आहे. 1845 च्याच सुमारास स्कॉटलंडचा स्टीफन हिस्लॉप कॅल्व्हिनची परंपरा घेऊन नागपुरास आला, आणि त्याच्या नावाचे कॉलेज सिव्हिल लाइन्समध्ये आहे. इंग्रज अधिकाऱ्यांसाठी उभे राहिलेले ऑल सेंट्स कॅथेड्रल सदरमध्ये आहे. म्हणजे एका प्रश्नाची तीन उत्तरे एका फेरफटक्यात भेटतात. त्याच ऑल सेंट्सच्या आवारात 29 नोव्हेंबर 1970 रोजी, 1929 पासून चाललेल्या वाटाघाटींनंतर, अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन-काँग्रिगेशनल, बॅप्टिस्ट, मेथॉडिस्ट, ब्रेद्रन आणि डिसायपल्स अशा सहा मंडळ्यांनी एकत्र येऊन उत्तर भारतीय चर्च स्थापिले. ज्या प्रश्नावर मारबुर्ग मोडले त्यावर निराळी मते बाळगणाऱ्या परंपरा येथे एका मेजावर बसल्या. मला या घटनेचे मनापासून कौतुक वाटते, आणि तिचा नागपूरच्या इतिहासात जितका उल्लेख व्हावा तितका होत नाही असेही वाटते. कॅथलिक त्यात नव्हते. रोमच्या मते अर्थ आधी जुळला पाहिजे, मेज नंतर. एकत्र जेवता जेवता अर्थ जुळेल, ही दुसऱ्यांची आशा.

यागाची बाब थोडक्यात सांगतो. ख्रिस्त एकदाच मेला तर रोज कसला याग, हा प्रॉटेस्टंटांचा जुना आक्षेप आहे. 1562 मध्ये ट्रेंटने उत्तर दिले की मिस्सा म्हणजे दुसरा बळी नव्हे. क्रुसावरचा तोच बळी, रक्तपाताविना, आज समोर ठेवला जातो. काळाच्या पोटात शिरून एक घटना पुन्हा वर्तमान होते ही कल्पना यहुद्यांच्या वल्हांडणातून आलेली आहे, आणि रामनवमीला भर दुपारी बाराच्या ठोक्याला 'राम जन्मला' म्हणून पाळणा हलविणाऱ्या समाजाला ती परकी वाटू नये.

आता मित्राच्या त्या दुसऱ्या धमकीकडे. कशानेच खोटा न पडणारा दावा म्हणजे दावाच नव्हे, हे म्हणणे प्रत्यक्ष आणि अनुमान एवढीच प्रमाणे मानणाऱ्याच्या तोंडी शोभते. नैयायिक चार मानतात, आणि त्यातले चौथे शब्द, म्हणजे आप्ताचे वचन. अक्वायनस हाच मुद्दा आपल्या भाषेत मांडतो: डोळे, जीभ, हात येथे फसतात, भरवसा तेवढा कानांचा. तेव्हा कॅथलिकाला खरोखर विचारावयाचा प्रश्न 'भाकर शरीर कशी होते?' हा नाही. 'असे सांगणारा तो मनुष्य आप्त कशावरून?' हा आहे. खटला भाकरीचा नाही, साक्षीदाराचा आहे. हे ऐकून माझा मित्र प्रथमच खुलला, कारण साक्षीदार मोडणे हा त्याचा हातखंडा. साक्ष ऐकीव आहे. लिहून काढण्यास वीसएक वर्षे लागली. लिहिणारे सगळे एकाच पक्षाचे. आणि साक्षीदाराने स्वतःविषयी केलेले इतर दावे त्याहून अचाट आहेत, असे त्याने चार मुद्दे पोह्यांच्या बशीच्या कडेवर बोट ठेवून मोजले. मी म्हणालो की चौथा मुद्दा निर्णायक आहे. त्याच्या पुनरुत्थानाची साक्ष ज्याला पटते त्याला भाकरीची अडचण पडत नाही. ज्याला ती पटत नाही त्याला द्रव्य-गुणांचे कितीही दाखले दिले तरी व्यर्थ. माझ्या मते संशयी मित्राला मिस्सा समजावू पाहणारे बहुतेक लोक चूक करतात ती येथेच: ते तत्त्वज्ञानाने श्रद्धा सिद्ध करू जातात. तत्त्वज्ञान एवढेच दाखवू शकते की ती श्रद्धा व्याघाती नाही, 'वांझेचा पुत्र' नाही. त्यापुढे त्याचा अखत्यार संपतो.

मित्राच्या पदरी आणखी दोन मुद्दे होते, आणि त्यांना माझ्याजवळ पुरते उत्तर नाही. पहिला असा की हा सिद्धांत कॅथलिकांनाच पटलेला दिसत नाही: अमेरिकेत 2019 मध्ये प्यू संस्थेने केलेल्या पाहणीत तेथील सुमारे 31 टक्केच कॅथलिकांनी द्रव्यांतर मानतो असे सांगितले; बाकीच्यांच्या लेखी ती खूण. दुसरा अधिक टोचणारा. वारकऱ्यांच्या काल्यात जसे, तसे या भोजनातही सर्वांनी एक व्हावे हा मूळ हेतू; श्रीमंतांनी आधी जेवून घ्यावे आणि गरिबांनी उपाशी बसावे यावरूनच पौलाने करिंथकरांना फैलावर घेतले होते. आणि तरी गोव्यातील धार्मिक बंधुसंघांत जातीची वहिवाट शतकानुशतके चालली, दक्षिणेत चर्चच्या आत जातवार बसण्याच्या जागा ठरल्या. डॉ. आंबेडकरांनी ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांविषयी लिहिताना याच ठिकाणी बोट ठेवले आहे. आणि 14 ऑक्टोबर 1956 रोजी या शहरात त्यांनी जी दीक्षा घेतली ती ख्रिस्ताची नव्हती, याच्या अनेक कारणांत हेही असावे असे मला वाटते. एक शरीर खाऊन लोक एक शरीर होतात, असे शिकविणाऱ्यांवर हा बोजा मोठा आहे.

त्या तुलनेत नियमांचे जाच किरकोळ. माझी आई सांगे की 1953 पर्यंत मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही न घेता मिस्सेला जावे लागे. नागपूरच्या मे महिन्यात, पहाटेपासूनच भाजणाऱ्या उकाड्यात, माठाकडे पाठ करून त्या पोरी केस विंचरीत. त्या वर्षी पाण्याची सूट मिळाली, 1957 मध्ये उपास तीन तासांवर आला, 1964 मध्ये एका तासावर. 1969 मध्ये रोमने भारतासाठी बारा मुद्दे मंजूर केले, तेव्हापासून जमिनीवर बसून, पंचांग प्रणाम करून, वेदीची आरती ओवाळून मिस्सा करता येते. आईला आरती आवडे. माठाची आठवण मात्र ती शेवटपर्यंत काढी, आणि त्यात तक्रार नसे, थोडी फुशारकीच असे.

राहिला मूळ प्रश्न: माझ्या मित्राला नाकारले का? कारण त्या 'आमेन'चा अर्थ 'होय, हे ख्रिस्ताचे शरीर आहे' असा आहे. ते घेणे म्हणजे कबुलीजबाबावर सही करणे. जस्टिननेही बादशहाला लिहिले आहे की जो हे खरे मानतो, ज्याचा बाप्तिस्मा झाला आहे आणि जो त्याप्रमाणे वागतो त्यालाच हे देतात. मनात गंभीर पाप घेऊन आलेल्या कॅथलिकानेही रांगेत उभे राहू नये असा नियम आहे, आणि आईच्या आजारपणात मी स्वतः काही महिने, कारणे येथे सांगत नाही, बाकावरून उठलो नव्हतो. हे मी मित्राला सांगितले तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला की मजकूर न पटता सही घेणाऱ्यापेक्षा सही नाकारणारा बरा; पण हे आधी कोणी सांगायला हवे होते. त्याचे ते म्हणणे मला मान्य आहे. दुसऱ्याला बोलावणाऱ्याने दोन वाक्ये आधी बोलून ठेवावीत. चूक माझी होती.

यंदा आईच्या मिस्सेला तो पुन्हा आला. रांग सुरू झाली तेव्हा तो उठला नाही. बाकाच्या टोकाला बसला होता, तो पाय आत ओढून घेऊन त्याने लोकांना वाट करून दिली. नंतर टपरीवर पैसे त्याने दिले, आणि पुनरुत्थानाच्या साक्षीदारांची उलटतपासणी पुढच्या रविवारी ठेवली आहे.